गॅस्ट्रिन १२४० : एका आकड्याचा उलटा अर्थ

फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने गोल केलेला आकडा होता. उपाशीपोटी गॅस्ट्रिन, म्हणजे जठराला आम्ल सोडायला सांगणारे संप्रेरक, १२४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी प्रयोगशाळेने छापलेली सामान्य मर्यादा, १०० च्या आत. आणि त्याखाली कुणीतरी घाईघाईत लिहिलेला एकच शब्द, 'गॅस्ट्रिनोमा', पुढे प्रश्नचिन्ह. त्या शब्दाने तीन आठवडे त्या घरात कुणाला धड झोप लागू दिली नव्हती.

बाई ५२ वर्षांच्या. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. सोबत मुलगा होता. त्याने खुर्चीत बसायच्या आधीच विचारले, "डॉक्टर, आईला कॅन्सर आहे का, एवढंच सांगा."

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण मला ते माहीत नव्हते. खरे सांगायचे तर माझा हातही स्कॅनच्या फॉर्मकडे गेला होता. गॅस्ट्रिन हजाराच्या वर दिसले की आमच्या शाखेतल्या कुणालाही आधी झोलिंगर-एलिसन हा विकार आठवतो. १९५५ साली ओहायोतल्या या दोन शल्यविशारदांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. स्वादुपिंडात गाठ, आणि जठरात आम्लाचा असा पूर की शस्त्रक्रिया करूनही व्रण पुन्हा पुन्हा उठायचे. अशी गाठ, म्हणजेच गॅस्ट्रिनोमा, गॅस्ट्रिन ओतत असते हे पुढे सिद्ध झाले. ती लहान असते, लपून बसते आणि बऱ्याचदा कर्करोगाच्या वाटेने जाते. तेव्हा भीती अनाठायी नव्हती.

तरीही मी फॉर्म बाजूला ठेवला आणि बाईंना म्हटले, "ताई, रिपोर्ट राहू द्या. पहिल्यापासून सांगा."

सुरुवात झाली होती थकव्याने, तीन वर्षांपूर्वी. रक्त कमी निघाले, लोहाच्या गोळ्या दिल्या. चार महिने नेमाने घेतल्या, हिमोग्लोबिन जेमतेम हलले. मग जेवणानंतर पोट जड व्हायला लागले. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटायचे, वर ढेकर. त्याला 'ॲसिडिटी' असे नाव मिळाले आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी सुरू झाली. ती दोन वर्षे चालू होती, आजही चालूच होती. फरक पडला का, असे विचारल्यावर बाई जरा थांबल्या. "पडला असं म्हणवत नाही. पण बंद करायला कुणी सांगितलं नाही." गेले सहा महिने तळपायांना मुंग्या येत होत्या. अंधारात चालताना तोल जाईल असे वाटायचे.

जुलाब? नाही, उलट शौचाला घट्ट. रात्री पोटात आग पडून जाग येणे? नाही. कधी व्रण, कधी रक्ताची उलटी, काळी शौच? काहीच नाही.

इथे पहिली खटक बसली. गॅस्ट्रिनोमात आम्ल इतके वाहते की लहान आतड्यातले पाचकरस त्यात निकामी होतात, आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि रुग्ण जुलाबाने बेजार होतो. बहुतेकांना कधी ना कधी व्रण होतो. या बाईंकडे पुराचा आकडा होता, पण पाण्याची एकही खूण नव्हती.

मी ट्यूनिंग फोर्क वाजवून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "काही जाणवतंय?" "नाही." घोट्यावर ठेवला. "नाही." गुडघ्यावर ठेवल्यावर त्या चमकून म्हणाल्या, "हां, आता थरथरतंय." फाइलच्या मागच्या पानांत बाकीचे आकडे होते, ज्यांच्याकडे लाल गोलाच्या नादात कुणाचे लक्ष गेले नव्हते. हिमोग्लोबिन ८.९. तांबड्या पेशींचा सरासरी आकार १०४ फेमटोलिटर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, १२. बी१२ जीवनसत्त्व फक्त ९६. दूध आणि अंडी त्या रोज खात होत्या, म्हणजे पोटात जाणाऱ्या बी१२ मध्ये कमी नव्हती. ते शरीरात शिरत नव्हते.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरे. पण इथे आड भरलेला होता आणि दोरच तुटला होता. तो दोर जठरातून येतो.

आम्ल सुटते कुणाच्या सांगण्यावरून

हे प्रकरण समजायचे तर जठरातल्या आम्लाचा कारभार आधी पाहावा लागेल. थोडा वेळ द्या. वैद्यकात मला याहून सुंदर वाटणारी यंत्रणा दुसरी नाही.

जठराच्या वरच्या मोठ्या भागात, म्हणजे बॉडी आणि फंडसमध्ये, खोल नळ्यांसारख्या ग्रंथी असतात. त्यांतल्या पॅरायटल पेशी आम्ल बनवतात. माणसाच्या जठरात त्या सुमारे एक अब्ज. ऐन भरात असताना या पेशींतून बाहेर पडणाऱ्या रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका लहान तितके आम्ल जास्त), ०.८ च्या आसपास असतो. रक्ताचा पीएच ७.४. म्हणजे रक्ताच्या तुलनेत हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ४० लाख पट. एवढी चढण चढवायला पेशीला हे आयन बाहेर ढकलणारा प्रोटॉन पंप वापरावा लागतो आणि त्यासाठी ती प्रचंड ऊर्जा खर्च करते. पेशी शांत असते तेव्हा हे पंप आत, छोट्या पिशव्यांच्या पडद्यांत, वळकटी करून ठेवलेले असतात. हुकूम आला की त्या पिशव्या पेशीच्या आतल्या खाचेला जाऊन मिळतात, पंप बाहेरच्या बाजूला येतात आणि आम्ल वाहू लागते. याच पेशी आणखी एक गोष्ट बनवतात, इन्ट्रिन्सिक फॅक्टर. बी१२ ला लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत सुखरूप नेऊन शरीरात शिरवणारा हा प्रथिनाचा वाटाड्या. बाईंचा तुटलेला दोर तो हाच.

हुकूम कोण देते? पहिला हुकूम मेंदूकडून येतो आणि तो घास पोटात पडायच्या आधी. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्हने कुत्र्यांच्या अन्ननलिकेला गळ्यापाशी छिद्र केले होते. कुत्रा खायचा, घास त्या छिद्रातून बाहेर पडायचा, जठरात कणभरही अन्न पोचायचे नाही, आणि तरी काही मिनिटांत जठररस वाहू लागायचा. मेंदूकडून पोटाकडे उतरणारी व्हेगस नर्व्ह कापली की हा रस थांबायचा. पचनाच्या या कामासाठी त्याला १९०४ साली नोबेल मिळाले. जेवणामुळे सुटणाऱ्या एकूण आम्लापैकी साधारण एक तृतीयांश वाटा या नुसत्या वास, चव आणि विचारांच्या टप्प्याचा असतो.

व्हेगस नुसती एक तार नाही. तिची टोके जठराच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात उतरतात आणि तिथून चार कामे एकदम होतात. पॅरायटल पेशीवर ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचे निरोप्या रसायन थेट पोचते. ईसीएल नावाच्या शेजारच्या पेशींना हिस्टामिन सोडायची सूचना मिळते. जठराच्या खालच्या टोकाला, अँट्रममध्ये, 'जी' (G) नावाच्या पेशी असतात, त्यांच्यापाशी गॅस्ट्रिन-रिलीझिंग पेप्टाइड सुटते आणि त्या रक्तात गॅस्ट्रिन सोडतात. चौथे काम मला सगळ्यात हुशारीचे वाटते. ब्रेक लावणाऱ्या डी पेशींना व्हेगस गप्प बसवते. गाडी काढायची तर नुसता ॲक्सिलरेटर दाबून भागत नाही, ब्रेकवरचा पायही उचलावा लागतो.

मग अन्न जठरात उतरते. भिंत ताणली जाते, त्या ताणाची खबर व्हेगसमधूनच वर जाते आणि हुकूम होऊन खाली येते. प्रथिनांचे तुकडे आणि अमायनो आम्ले जी पेशींना थेट चेतवतात. सर्वात मोठा वाटा या टप्प्याचा. शिवाय अन्न स्वतःच आम्ल शोषून घेते, त्यामुळे जठरातला पीएच वर चढतो, आणि पीएच चढला की डी पेशी निवांत होतात.

गॅस्ट्रिनबद्दल इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०५ साली, ज्या वर्षी स्टार्लिंगने 'हार्मोन' हा शब्द रूढ केला त्याच वर्षी, एडकिन्सने अँट्रमच्या अस्तराचा अर्क प्राण्याच्या शिरेत टोचला आणि जठरात आम्ल सुटलेले पाहिले. त्याने त्या अज्ञात पदार्थाला गॅस्ट्रिन म्हटले. पुढे हिस्टामिन सापडले, त्यानेही आम्ल सुटते आणि ते जवळजवळ प्रत्येक ऊतीच्या अर्कात असते हे कळले. झाले. एडकिन्सने पाहिले ते हिस्टामिनच असणार, असे म्हणून गॅस्ट्रिनला अनेक वर्षे खोटे ठरवले गेले. १९३८ साली कोमारोव्हने हिस्टामिन काढून टाकलेला अर्क वापरला, तरी आम्ल सुटले. १९६४ साली लिव्हरपूलमध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी गॅस्ट्रिन शुद्ध रूपात वेगळे केले. एडकिन्सच्या बाजूने निकाल लागला. पण हिस्टामिनवालेही अगदी चुकले नव्हते. गॅस्ट्रिन पॅरायटल पेशीला थेट फारसे सांगत नाही. ते रक्तातून फिरून ईसीएल पेशींकडे येते, त्या हिस्टामिन सोडतात, आणि ते हिस्टामिन पॅरायटल पेशीच्या एच२ रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसते. १९७६ साली ही जागा अडवणारे सिमेटिडिन हे औषध बाजारात आले तेव्हा व्रणाच्या उपचारात जो पालट झाला त्याचे कारण हेच. एक एच२ रिसेप्टर अडवला की गॅस्ट्रिनचा हुकूम वाटेतच अडतो आणि व्हेगसचा जोरही बराच ओसरतो, कारण गॅस्ट्रिन, हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन हे तिघे एकमेकांचे बळ वाढवतात.

आता ब्रेक. आम्ल पुरेसे झाले, अँट्रममधला पीएच ३ च्या खाली उतरला, की डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडू लागतात. ते शेजारच्या जी पेशीला गॅस्ट्रिन सोडण्यापासून रोखते. वर बॉडीमधल्या डी पेशी ईसीएल आणि पॅरायटल पेशींना आवरतात. पीएच आणखी घसरून दीडच्या घरात आला की गॅस्ट्रिन जवळजवळ बंद होते. आम्लयुक्त काला आतड्याच्या पहिल्या भागात उतरला की तिथून सिक्रेटिन हे संप्रेरक सुटते, स्निग्ध पदार्थ आले की सीसीके हे दुसरे सुटते, आणि दोन्ही वरच्या कारखान्याला आवरते घ्यायला सांगतात. सिक्रेटिन स्वादुपिंडाकडून बायकार्बोनेटही मागवते.

बाईंच्या प्रकरणाची किल्ली या ब्रेकमध्ये आहे. गॅस्ट्रिन आम्ल मागते आणि आम्ल गॅस्ट्रिनला थांबवते. मग आम्ल मिळालेच नाही तर? जी पेशीला 'पुरे' असे सांगणारे कुणी उरत नाही. ती मागत राहते. दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे.

म्हणून रक्तातले गॅस्ट्रिन हजारावर जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एकीत ब्रेक न मानणारी गाठ गॅस्ट्रिन ओतते आणि आम्लाचा पूर येतो. दुसरीत आम्ल आटलेले असते आणि निरोगी जी पेशी व्याकूळ होऊन गॅस्ट्रिन ओततात. रक्ताचा रिपोर्ट दोन्हीकडे सारखाच दिसतो. जठरातल्या आम्लाचे माप घेतल्याशिवाय गॅस्ट्रिनचा आकडा वाचूच नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, आणि तरी त्या दिवशी माझाच हात फॉर्मकडे गेला होता. म्हणून हे इतके लांबवून लिहितो आहे.

गोळी, आणि ती थांबवण्याचा प्रश्न

बाईंची सकाळची गोळी प्रोटॉन पंप अडवणारी होती. या गोळ्यांनी आम्ल घटते, म्हणून गॅस्ट्रिन वाढते. साधारण दोन ते चार पट, हे नेहमीचेच. गोळी चालू असताना काढलेले गॅस्ट्रिन म्हणजे चालत्या वजनकाट्यावर केलेले वजन. त्यातून काही ठरवता येत नाही. पण १२४० हे नुसत्या गोळीच्या हिशेबात बसणारे नव्हते.

गोळी थांबवून पुन्हा मोजायचे. वाक्य सोपे आहे, पण खरोखरच गॅस्ट्रिनोमा असेल तर धोक्याचे आहे. अशा रुग्णाचे आम्ल केवळ गोळीने रोखलेले असते. ती अचानक बंद केली तर काही दिवसांत व्रण फुटू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून व्रणाचा किंवा जुलाबाचा इतिहास असलेल्या रुग्णाची गोळी मी घरी बसून कधीच बंद करायला लावत नाही. बाईंच्या बाबतीत तसा एकही इतिहास नव्हता. तरीही आधी एच२ गटातली गोळी दिली, शेवटचे दोन दिवस तीही थांबवली, रोज फोनवर चौकशी केली. मुलाला बजावले, "आईच्या पोटात दुखलं, काळी शौच झाली, तर वेळ बघू नकोस. निघून ये."

काहीही झाले नाही. छातीत जळजळ नाही, आंबट पाणी नाही. दोन वर्षे आम्लाची गोळी घेतलेला माणूस ती सोडतो तेव्हा बहुधा काही दिवस आम्ल उसळून येते. तुंबलेले गॅस्ट्रिन आणि वाढलेल्या ईसीएल पेशी मिळून पॅरायटल पेशींना जास्तच पिटाळतात. बाईंना ती उसळीही आली नाही. पिटाळायला पलीकडे कुणी उरलेच नव्हते, हे तेव्हाच कळायला हवे होते.

आठवड्याने गॅस्ट्रिन पुन्हा काढले. ११८०.

त्याच सकाळी एंडोस्कोपी केली. दुर्बीण जठरात शिरताच मी थांबलो. निरोगी जठराच्या वरच्या भागात जाड, गुलाबी, नांगरलेल्या शेतासारख्या घड्या असतात. गॅस्ट्रिनोमात त्या आणखी फुगतात, कारण गॅस्ट्रिन अस्तराला वाढवतेही. इथे घड्याच नव्हत्या. अस्तर फिके, सपाट, इतके पातळ की खालच्या रक्तवाहिन्यांचे निळसर जाळे आरपार दिसत होते. अँट्रम मात्र अगदी नेहमीसारखा, तुकतुकीत. वर उजाड माळ आणि खाली हिरवे रान.

तळाशी साचलेला थोडा रस नळीतून ओढून घेतला. परिचारिकेने त्याचे दोन थेंब पीएचच्या पट्टीवर सोडले. उपाशी जठराचा रस म्हटला की पट्टी लालभडक व्हायला हवी. ती हिरवी झाली. तिने ती डबीवरच्या रंगांशेजारी धरली, मग दिव्याखाली नेली, मग म्हणाली, "सर, सात."

पीएच ७. म्हणजे पाणी. गॅस्ट्रिनोमात हा आकडा २ किंवा त्याहून खाली असतो. एका पट्टीने स्कॅनचा फॉर्म निकालात काढला. सिक्रेटिन टोचून करायची चाचणीही नको झाली. (ती चाचणी फार देखणी आहे. निरोगी जी पेशी सिक्रेटिनने शांत होतात, गॅस्ट्रिनोमाच्या पेशी उलट उसळतात. पण जिथे आम्लच नाही तिथे ती करून हाती काही लागत नाही.) रक्ताच्या एका आकड्यावर विसंबून गाठ शोधत बसलो असतो तर साप समजून भुई धोपटणे झाले असते, आणि त्या धोपटण्यात बाईंच्या पायांच्या नसांचे आणखी काही महिने गेले असते. नसांना महिने परवडत नाहीत.

तुकड्यांनी काय सांगितले

बॉडी आणि अँट्रम, दोन्हींच्या अस्तराचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत तपासायला पाठवले. हे मुद्दाम सांगतो, कारण एकाच बाटलीत टाकले की या आजाराचा अर्धा अर्थ हरवतो. अहवाल आला. बॉडीमध्ये आम्लाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीशा, त्यांच्या जागी आतड्यासारखे अस्तर. अँट्रम शाबूत, जी पेशींची संख्या वाढलेली. जठराला सूज आणणारा हेलिकोबॅक्टर जंतू नाही. रक्तात पॅरायटल पेशींविरुद्ध आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्ध अँटिबॉडी, दोन्ही जोरात. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीही निघाल्या. ही भावंडे बऱ्याचदा एका घरात नांदतात.

निदान ठरले : ऑटोइम्यून ॲट्रोफिक गॅस्ट्रायटिस आणि त्यातून आलेला पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे बी१२ न शोषल्याने होणारा रक्तक्षय. शरीराच्या संरक्षकांनी स्वतःच्याच पॅरायटल पेशी परक्या समजून वर्षानुवर्षे संपवत आणल्या होत्या. आधी आम्ल गेले. आम्लाविना अन्नातले लोह विरघळून शोषले जाण्याच्या अवस्थेत येत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी लोहाच्या गोळ्या वाया गेल्या. तीच पहिली हाक होती. मग इन्ट्रिन्सिक फॅक्टर आटला. यकृतात बी१२ चा साठा काही वर्षांचा असतो, तो हळूहळू संपला, आणि शेवटी मुंग्या. जेवणानंतरचे जडपण आम्लाच्या अतिरेकाचे नव्हतेच. ज्या पोटात आम्लाचा थेंब नव्हता त्या पोटाला दोन वर्षे आम्ल थांबवायची गोळी मिळत राहिली. कुणी वाईट हेतूने दिली नाही. पोटाच्या वरच्या भागातली प्रत्येक तक्रार म्हणजे ॲसिडिटी, हे आपण सगळ्यांनी मिळून गृहीत धरले आहे, डॉक्टरांनीही आणि रुग्णांनीही. ते मला मनापासून टोचते.

हा आजार एकेकाळी हमखास जीव घ्यायचा. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना भरपूर यकृत खायला घालून तो आवरता येतो हे दाखवले. नंतर विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरने एक विलक्षण प्रयोग केला. निरोगी माणसाने मांस खायचे, काही वेळाने ते जठरातून बाहेर काढायचे आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात घालायचे. नुसत्या मांसाने रुग्ण सुधारत नव्हते. निरोगी जठराचा संस्कार झालेल्या मांसाने सुधारले. अन्नात एक घटक आणि जठरात दुसरा, दोघांची गाठ पडली तरच रक्त बनते, हे त्याने ओळखले. अन्नातला घटक, म्हणजे बी१२, १९४८ साली हाती आला.

आणि आम्लाच्या अभावानेच गॅस्ट्रिन चढते याचाही पुरावा थेट आहे. गॅस्ट्रिन रक्तात मोजता येऊ लागल्यावर पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांच्या जठरात विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून पाहिले गेले. गॅस्ट्रिन झरझर खाली आले. जी पेशी बिघडलेल्या नव्हत्या. त्यांना उत्तर मिळत नव्हते, एवढेच.

तरीही एक गाठ निघाली

हे प्रकरण इथे संपले असते तर मुलाला सांगणे सोपे होते. पण एंडोस्कोपीत बॉडीच्या भिंतीवर मला तीन बारीक उंचवटे दिसले होते. सर्वात मोठा ५ मिलिमीटरचा. ते मुळासकट काढून पाठवले होते. अहवालात लिहिले होते : न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर, ग्रेड १.

मुलाने तो शब्द वाचला आणि कागद टेबलावर ठेवून दिला. "म्हणजे होताच ना, डॉक्टर?"

मी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर जठराचे चित्र काढले. अँट्रममध्ये एक ठिपका, ही जी पेशी. वर बॉडीमध्ये दुसरा, ही ईसीएल पेशी. मध्ये एक बाण. "तुला जी भीती होती," मी म्हटले, "त्यात गाठ गॅस्ट्रिन बनवते. इथे गॅस्ट्रिनने गाठ बनवली आहे. बाण उलटा आहे."

गॅस्ट्रिन ईसीएल पेशींना नुसते कामाला लावत नाही, वाढवतेही. वर्षानुवर्षे हजारावर गॅस्ट्रिन झेलत राहिलेल्या ईसीएल पेशी आधी दाट होतात, मग त्यांचे पुंजके बनतात, आणि काहींत बारीक गाठी. 'टाइप १' म्हटल्या जाणाऱ्या या गाठी बहुधा लहान, अनेक आणि संथ असतात. त्या क्वचितच पसरतात. काही रुग्णांचा अँट्रम शस्त्रक्रियेने काढला, म्हणजे गॅस्ट्रिनचा झराच बंद केला, तर या गाठी आपोआप विरघळलेल्या पाहिल्या गेल्या आहेत. त्या गॅस्ट्रिनच्या आधाराने जगतात, याची याहून स्वच्छ साक्ष नाही. बाईंना शस्त्रक्रियेची गरज नव्हती. दुर्बिणीतून काढणे आणि ठराविक काळाने पुन्हा पाहणे पुरेसे होते.

मुलाने ते चित्र घडी घालून खिशात ठेवले.

उपचारात नाट्य काही नाही. आम्लाची गोळी कायमची बंद. बी१२ ची इंजेक्शने, मज्जातंतूंना इजा होती म्हणून सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, आणि ती आयुष्यभर. लोह शिरेतून, कारण तोंडाने शोषले जाणार नव्हते. पाचव्या-सहाव्या दिवशी नव्या तांबड्या पेशींची लाट आली, सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन ११.८. मुंग्या कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. चार महिन्यांनी ट्यूनिंग फोर्क घोट्यावर जाणवू लागला, अंगठ्यावर अजून नाही. तो कधी जाणवेल का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी खात्री दिली नाही. नसांवरचा घाव जितका जुना, तितकी भरपाई अपुरी. पोटातले जडपण थोडे थोडे आणि बऱ्याच वेळा खाण्याने आवाक्यात आले.

वर्षाने त्या नियमित एंडोस्कोपीला आल्या. नवा उंचवटा एकच, तोही ३ मिलिमीटरचा, काढला. बाहेर पडल्यावर त्यांनी पिशवीतून एक रिपोर्ट काढला. दुसरीकडे कुठल्याशा तपासणीच्या पॅकेजमध्ये गॅस्ट्रिन पुन्हा मोजले गेले होते. १३१०. पुन्हा लाल शाईचा गोल.

"कमी झालं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात वर्षापूर्वीचीच धास्ती.

"होणार नाही, ताई. आम्ल परत येणार नाही, म्हणून हा आकडाही उतरणार नाही. तो तुमच्या जठराची हाक आहे, आणि तिला उत्तर द्यायला वर कुणी उरलेलं नाही. त्यावरून आता काही ठरवायचं नाही. दुर्बीण आणि इंजेक्शन, या दोन तारखा तेवढ्या चुकवू नका."

त्यांनी मान हलवली, पण नजर गोलावरच होती. मी पेन घेतले आणि त्या आकड्याच्या शेजारी, पुढचा कुणीही डॉक्टर फाइल उघडेल त्याला दोन्ही एकदमच दिसतील अशा बेताने, ठळक अक्षरांत लिहिले : जठररसाचा पीएच ७.